लयकारिका आणि पेशीतील इतर अंगके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या मुलांसाठी मी गेली काही वर्षे दांडिया बाजाराजवळ दर रविवारी सकाळी जीवशास्त्राचा वर्ग घेते. वर्ग नववी ते बारावीच्या मुलांचा असला, तरी प्रश्न विचारणाऱ्यांत त्यांना सोडायला आलेले पालक आणि कधीकधी आजी-आजोबाही असतात. पेशी या प्रकरणावर दरवर्षी फिरून फिरून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. त्यांतील बरेच प्रश्न लयकारिकांविषयी, म्हणजेच लायसोसोमविषयी आहेत, कारण पाठ्यपुस्तकात या अंगकाच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात आणि त्यांतील एक ओळ गैरसमज करून देणारी असते.

घरी ‘पेशी’ म्हणतात आणि शाळेत ‘कोष’ म्हणतात. हे दोन्ही एकच का?

एकच. मराठीतील पेशी म्हणजे गुजरातीतील कोष. घोटाळा होतो तो पुढे, कारण ‘पेशी’ हा शब्द गुजराती पुस्तकातही आहे आणि तिथे त्याचा अर्थ एकसारख्या कोषांचा समूह, म्हणजे मराठीत ज्याला ऊती म्हणतात तो, असा होतो. गुजराती माध्यमात शिकणारे मूल घरी आजोबांकडून ‘पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक’ असे ऐकते आणि आजोबांचे काहीतरी चुकते आहे असे त्याला वाटते. आजोबाही चुकलेले नसतात आणि पुस्तकही. याच रीतीने तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणजे कणाभसूत्र, केंद्रक म्हणजे कोषकेंद्र, रिक्तिका म्हणजे रसधानी आणि विकर (एन्झाइम) म्हणजे उत्सेचक. लायसोसोमला गुजराती पुस्तकात लायसोझोम असेच म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र त्याला लयकारिका असे नाव दिले आहे. हे नाव मला नेमके वाटते, कारण ‘लय’ म्हणजे विरून मूळ घटकांत परत जाणे, आणि लयकारिकेत प्रत्यक्षात तेच घडते.

अंगक म्हणजे काय? पेशीला इतके कप्पे कशासाठी लागतात?

पेशीच्या आत ठराविक रचना आणि ठराविक काम असलेला भाग म्हणजे अंगक. केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, रिक्तिका आणि वनस्पतींतील लवके ही पटलाने वेढलेली अंगके आहेत. रायबोसोमला पटल नसते, तरीही सोयीसाठी त्याची गणना अंगकांतच केली जाते. कप्पे लागतात ते एवढ्यासाठी की पेशीत एकाच वेळी परस्परविरोधी कामे चालू असतात. एकीकडे प्रथिने बांधली जात असतात आणि दुसरीकडे मोडली जात असतात. दूध आणि लिंबू एकाच ओट्यावर सुखाने राहू शकतात, एकाच भांड्यात राहू शकत नाहीत. पेशीने प्रत्येकाला आपापले भांडे दिले आहे.

सगळ्या पेशींत सगळी अंगके नसतात. जिवाणूंमध्ये केंद्रक, तंतुकणिका, लयकारिका यांपैकी काहीच नसते, फक्त रायबोसोम असतात. आपल्या तांबड्या रक्तपेशी तयार होताना आपले केंद्रक बाहेर टाकतात आणि तंतुकणिका व इतर अंगके पचवून मोकळ्या होतात, म्हणजे आतील जागा हिमोग्लोबिनला मिळते. त्याची किंमत म्हणून त्यांना स्वतःची दुरुस्ती करता येत नाही आणि सुमारे १२० दिवसांत त्यांचे आयुष्य संपते.

लयकारिकेच्या आत नेमके काय असते?

एकेरी पटलाची ही लहानशी पिशवी असते आणि तिच्यात सुमारे ६० प्रकारची विकरे असतात. त्यांपैकी काही प्रथिने तोडतात, काही मेद, काही शर्करांच्या साखळ्या, तर काही डीएनए आणि आरएनए. ही सर्व विकरे पाण्याच्या साहाय्याने रासायनिक बंध तोडतात आणि त्यांना आम्लधर्मी वातावरण लागते. लयकारिकेचा सामू (पीएच) ४.५ ते ५ असतो, तर बाहेरच्या पेशीद्रव्याचा सुमारे ७.२ असतो. आकड्यांतला हा फरक लहान वाटतो. परंतु सामूची मोजपट्टी दसपटीची असल्यामुळे लयकारिकेच्या आत हायड्रोजन आयनांचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा शंभर पटींहून कितीतरी अधिक असते. हे आयन आत ढकलण्यासाठी तिच्या पटलात प्रथिनांचे पंप असतात आणि त्यांना सतत ऊर्जा पुरवावी लागते.

मग लयकारिका स्वतःलाच का पचवत नाही, असे मुले लगेच विचारतात, आणि हा प्रश्न मला पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा अधिक आवडतो. तिच्या पटलातील प्रथिनांवर आतल्या बाजूने शर्करांचा दाट लेप असतो आणि विकरांना तो सहजासहजी भेदता येत नाही.

लयकारिकेचा शोध कोणी आणि कसा लावला?

बेल्जियमचे क्रिस्तियां द द्यूव्ह यांनी, आणि तोही दुसरेच काही शोधत असताना. १९४९ च्या सुमारास लुव्हेन येथील विद्यापीठात ते इन्सुलिनचा यकृतावर होणारा परिणाम अभ्यासत होते. त्यासाठी उंदरांच्या यकृतातील एक विकर ते मोजत असत आणि तुलनेसाठी आम्ल फॉस्फटेज नावाचे आणखी एक साधे विकरही मोजत. पेशी हळुवारपणे फोडून काढलेल्या नमुन्यात या दुसऱ्या विकराची क्रिया अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी भरली. नमुना टाकून देण्याऐवजी त्यांनी तो शीतकपाटात ठेवला. पाच दिवसांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा क्रिया पूर्ण अपेक्षेएवढी वाढलेली होती.

विकर पाच दिवसांत आपोआप तयार होणे शक्य नव्हते, म्हणजे ते आधीपासून तिथेच होते, पण कशाच्या तरी आत बंद होते, आणि साठवणीत ते वेष्टण फाटल्यावर बाहेर आले. या एका तर्कावरून, प्रत्यक्ष डोळ्यांनी काहीही न पाहता, पटलाने वेढलेल्या एका नव्या अंगकाचे अस्तित्व सांगितले गेले. १९५५ मध्ये त्याला लायसोसोम हे नाव मिळाले आणि त्याच सुमारास ॲलेक्स नोव्हिकॉफ यांच्या सहकार्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली त्याची चित्रेही मिळाली. १९७४ चे शरीरक्रियाशास्त्राचे नोबेल पारितोषिक द द्यूव्ह, आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पलादे यांना मिळून देण्यात आले. बहुतेक अंगके आधी दिसली आणि त्यांचे काम मागाहून कळले. लयकारिकेचे काम आधी कळले आणि ती नंतर दिसली. मुलांना प्रयोगवहीत ‘आकडा चुकला’ असे लिहून पान उलटण्याची घाई असते, म्हणून ही हकीकत मी जरा रेंगाळून सांगते.

लयकारिकेला ‘आत्मघाती पिशवी’ म्हणतात ते बरोबर आहे का?

परीक्षेत हा शब्दप्रयोग देऊन अंगक ओळखायला सांगितले, तर ‘लयकारिका’ असेच लिहावे, गुण मिळतील. पण तो शब्द आता फारसा खरा राहिलेला नाही. तो रूढ झाला तेव्हाची कल्पना अशी होती की पेशी निकामी झाली की लयकारिका फुटतात आणि पेशी स्वतःला पचवून टाकते. आता आपल्याला ठाऊक आहे की एखाददुसरी लयकारिका फुटली, तर सांडलेले आम्ल पेशीद्रव्यात लगेच विरल होते आणि ७.२ सामूवर बहुतेक विकरे मंदावतात. फाटलेल्या पटलाची डागडुजी केली जाते, आणि ती शक्य नसेल तर इतर लयकारिका त्या फुटक्या लयकारिकेलाच पचवतात. पेशीचे नियोजित मरण मुख्यतः कॅस्पेज नावाच्या वेगळ्या विकरांकडून घडवले जाते आणि ती पेशीद्रव्यात असतात. या नियोजित मरणाची जनुके उलगडल्याबद्दल २००२ मध्ये ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना नोबेल मिळाले.

शब्द अगदीच निराधार आहे, असेही म्हणता येणार नाही. बेडकाच्या पिल्लाचे शेपूट गळून पडत नाही, ते आतल्या आत विरते, आणि त्यात लयकारिकांतील विकरांचा मोठा वाटा असतो. पण आत्मघाताचे सर्वांत भीषण उदाहरण आपल्या शेजारीच आहे. खंभातमध्ये अकीक घासून मणी घडवणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो. श्वासाबरोबर आत गेलेले सिलिकाचे कण फुप्फुसातील भक्षक पेशी गिळतात आणि लयकारिकांकडे सोपवतात. सिलिका हा दगड असल्यामुळे कोणत्याही विकराने तो विरघळत नाही, उलट त्याचे स्फटिक लयकारिकेचे पटल मोठ्या प्रमाणावर फाडतात. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी भक्षक पेशी तो गिळते, आणि दाह व व्रण वाढत जाऊन फुप्फुस ताठर होते. हा रोग बरा करणारे औषध नाही. धूळ उडू न देणे हाच उपाय आहे. येथेही पिशवीने आत्मघात केला असे म्हणण्यापेक्षा तिचा घात झाला असे म्हणणेच मला योग्य वाटते.

लयकारिकेकडे माल येतो कुठून?

तीन वाटांनी. पहिल्या वाटेने पेशीबाहेरचे लहान कण, पटलाची छोटी खोलगट पुडी होऊन, आत घेतले जातात. रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल असेच आत येते आणि लयकारिकेत सुटे होते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. ज्यांच्यात एलडीएल पकडणारे ग्राहक प्रथिन सदोष असते, त्यांचे कोलेस्टेरॉल तरुणपणीच वाढते, ते या वाटेचे दारच अरुंद झाल्यामुळे.

दुसरी वाट भक्षक पेशींची. त्या अख्खे जिवाणू किंवा जुन्या झालेल्या पेशी गिळतात. प्लीहा आणि यकृतातील भक्षक पेशी दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक जुन्या तांबड्या पेशी पचवतात आणि त्यांतून रोज सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह शरीराला परत मिळते. अन्नातून आपण रोज केवळ एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषतो, हे लक्षात घेतले तर घरातली ही बचत किती मोठी आहे ते कळते. याच वाटेवर क्षयरोगाचा जिवाणू फसवणूक करतो. भक्षक पेशी त्याला गिळते, पण तो ज्या पुडीत असतो तिची लयकारिकेशी गाठ तो पडूच देत नाही, आणि शत्रूच्या घरात वर्षानुवर्षे बिनघोर राहतो.

तिसरी वाट पेशीच्या स्वतःच्या आतली. जुनी तंतुकणिका किंवा प्रथिनांचे गोळे यांच्याभोवती दुहेरी पटल तयार होते आणि ते गाठोडे लयकारिकेत रिकामे होते. याला स्वभक्षण म्हणतात. पुढचा प्रश्न त्याविषयीच आहे.

एकादशीचा उपवास केला की पेशींची सफाई होते, असे व्हॉट्सॲपवर येते. ते खरे आहे का?

हा प्रश्न आषाढात हमखास येतो. मांडवीच्या विठ्ठलनाथजी मंदिरातून देवपोढी एकादशीचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो, घरोघरी उपवास असतो, आणि नेमका त्याच सुमारास तो निरोपही फिरतो.

निरोपामागे खरे विज्ञान आहे. जपानचे योशिनोरी ओसुमी किण्व (यीस्ट) पेशींवर काम करत होते. किण्वातील रिक्तिका आपल्या लयकारिकेचेच काम करते. रिक्तिकेतील पचवणारी विकरे नसलेल्या पेशींना त्यांनी उपाशी ठेवले, तेव्हा काही तासांत रिक्तिका न पचलेल्या गाठोड्यांनी भरून गेली आणि सूक्ष्मदर्शीखाली स्वभक्षण स्पष्ट दिसले. हे काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, पाठोपाठ त्यासाठी लागणारी जनुके सापडली आणि २०१६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. उपासमार आणि स्वभक्षण यांचा संबंध सस्तन प्राण्यांतही दिसतो. उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा नाळेतून येणारे पोषण एकाएकी थांबते आणि दूध मिळेपर्यंतचे काही तास ते स्वतःच्या पेशींतील प्रथिने मोडून निभावते. ज्या पिल्लांत स्वभक्षणाचे एक आवश्यक जनुक नसते, ती जन्मानंतर एका दिवसाच्या आत दगावतात.

पण एवढ्यावरून आपल्या एकादशीविषयी काही सांगणे धाडसाचे आहे. उंदराचा चोवीस तासांचा उपवास माणसाच्या मानाने फार मोठा असतो, आणि जिवंत माणसाच्या यकृतात किंवा मेंदूत स्वभक्षण किती चालले आहे हे मोजणे अवघड असते. शिवाय आपला उपवास हा बहुधा साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचे लाडू आणि रताळ्याचा कीस यांचा असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्याने रक्तातील साखर आणि पाठोपाठ इन्सुलिन वाढते, आणि इन्सुलिन हा पेशीला मिळालेला ‘अन्न आले आहे, स्वभक्षण थांबवा’ असा निरोप असतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना शरीरक्रियाशास्त्र माहीत नव्हते, पण त्यांचे निदान बरोबर होते. उपवास श्रद्धेने करावा. पेशींच्या सफाईचा हवाला देऊन तो लांबवू नये, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये.

लयकारिका फक्त मोडतोडच करते का?

नाही. मोडलेल्या मालातून सुटी झालेली अमिनो आम्ले, शर्करा आणि मेदाम्ले तिच्या पटलातील वाहक प्रथिनांमधून पेशीद्रव्यात परत जातात आणि नव्या बांधणीला लागतात. अलीकडच्या काळातला त्याहून रंजक शोध असा की किती माल शिल्लक आहे याची खबरही लयकारिकाच देते. तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एमटॉर नावाचा प्रथिन-संच येऊन बसतो. अमिनो आम्ले पुरेशी असली की तो जागा होतो आणि पेशीला वाढण्याची आज्ञा देतो; ती कमी पडली की तो गप्प होतो, स्वभक्षण सुरू होते आणि नव्या लयकारिका बनवण्याचा आदेश केंद्रकाकडे जातो. कोठीघरातली शिल्लक ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्यालाच स्वयंपाक किती करायचा हे विचारावे, तसे हे आहे.

लयकारिकेतील विकरे कुठे तयार होतात?

या प्रश्नाच्या उत्तरात पेशीतील जवळजवळ सगळी अंगके एका ओळीत येतात, म्हणून मी अंगके वेगवेगळी न शिकवता याच प्रवासातून शिकवते. विकराची कृती केंद्रकातील डीएनएमध्ये असते. तिची आरएनए-प्रत बाहेर येते. खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर बसलेले रायबोसोम ती प्रत वाचून प्रथिन विणतात आणि प्रथिन विणले जात असतानाच जालिकेच्या आत सरकते. तिथे त्याची योग्य घडी पडते आणि त्याला शर्करेच्या साखळ्या जोडल्या जातात. मग ते पुड्यांतून गॉल्गी संकुलात येते. हे संकुल कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये पाहिले होते, पण ती रंगद्रव्यामुळे दिसणारी आकृती असावी अशी शंका पुढे अर्धशतक घेतली जात होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने ती संपवली.

गॉल्गी संकुलात या विकरांच्या मॅनोज शर्करेवर फॉस्फेटचा एक गट बसवला जातो. हाच त्यांचा पत्ता. मॅनोज-६-फॉस्फेट ओळखणारी ग्राहक प्रथिने त्यांना वेचून लयकारिकेकडे पाठवतात. आय-सेल नावाच्या विकारात हा पत्ता चिकटवणारे विकरच नसते. त्यामुळे साठेक विकरे बिनचूक तयार होऊनही पेशीबाहेर रक्तात भटकत राहतात आणि लयकारिका रिकाम्या हाताने माल साठवत बसतात. पाकीट उत्तम, मजकूर उत्तम, पण पत्ताच नाही.

रायबोसोमच्या शोधाशी बडोद्याचा काय संबंध आहे?

रायबोसोमची रेण्वीय रचना उलगडल्याबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी व्यंकटरामन रामकृष्णन हे बडोद्यात वाढले. त्यांचे वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये याच विद्यापीठातून बी.एस्सी. पदवी घेतली. विषय होता भौतिकशास्त्र. जीवशास्त्राकडे ते पीएच.डी. झाल्यानंतर वळले, ही गोष्ट अकरावीला शाखा निवडताना रात्ररात्र झोप न लागणाऱ्या पालकांना मी आवर्जून सांगते. त्यांच्या गटाने २००० साली जिवाणूंच्या रायबोसोमच्या लहान भागाची रचना प्रसिद्ध केली आणि काही प्रतिजैविके तिला नेमकी कुठे चिकटतात हेही दाखवले. जिवाणूंचा रायबोसोम आपल्या पेशीद्रव्यातील रायबोसोमपेक्षा लहान आणि घडणीने वेगळा असतो, म्हणूनच ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन जिवाणूला अडवते आणि आपल्याला सहसा नाही.

तंतुकणिका आईकडूनच येतात, हे खरे का?

माणसात जवळजवळ नेहमीच. तंतुकणिकांना स्वतःचा गोलाकार डीएनए असतो. माणसात त्यात ३७ जनुके असतात. फार पूर्वी एका मोठ्या पेशीत वस्तीला आलेल्या जिवाणूंपासून त्या उत्क्रांत झाल्या, हे मत लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नव्याने आणि जोरकसपणे मांडले आणि आज ते सर्वमान्य आहे. शुक्रपेशीबरोबर थोड्या तंतुकणिका अंडपेशीत शिरतात, पण त्या टिकत नाहीत. एका सूक्ष्म कृमीत तर त्या स्वभक्षणाने लयकारिकेत संपवल्या जातात असे दिसले आहे. म्हणजे वडिलांच्या तंतुकणिकांचा निकालही शेवटी लयकारिकेच्याच दारात लागतो.

पेरॉक्सिसोम आणि लयकारिका यांत फरक काय?

दोन्हींचे काम सुरुवातीला द द्यूव्ह यांच्याच प्रयोगशाळेत कळले, दोन्हींना एकेरी पटल असते, आणि साम्य इथेच संपते. लयकारिका पाण्याने बंध तोडते. पेरॉक्सिसोम ऑक्सिजन वापरून लांब साखळीची मेदाम्ले तोडतो आणि त्यातून निघणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे कॅटालेज विकराने पाणी व ऑक्सिजन करतो. जाता जाता प्रोटिआसोमचेही नाव लक्षात ठेवावे. पेशीतील सुटी, अल्पायुषी प्रथिने मोडण्याचे काम हे पिंपासारखे प्रथिन-यंत्र करते. लयकारिकेकडे जातो तो मोठा किंवा बाहेरून आलेला माल.

वनस्पतींमध्ये लयकारिका असतात का?

प्राण्यांसारख्या स्वतंत्र सहसा नसतात. त्यांचे पचनाचे काम मोठी मध्यवर्ती रिक्तिका करते, आणि त्याशिवाय पाणी, क्षार, रंगद्रव्ये व आम्ले साठवणे आणि पेशी ताठ ठेवणे ही कामेही तीच करते. लिंबाचा आंबटपणा हा रिक्तिकेतलाच असतो.

आमच्या नात्यातील एका बाळाला ‘लायसोसोमचा आजार’ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. हे काय असते?

साठेक विकरांपैकी एखादे जन्मतः नसले किंवा दुबळे असले, की ते ज्या पदार्थाला तोडते तो पदार्थ लयकारिकांत साठत जातो आणि पेशी फुगतात. अशा विकारांना साठवणीचे विकार म्हणतात आणि ते सुमारे ७० प्रकारचे आहेत. गोशे रोगात एक मेदयुक्त पदार्थ भक्षक पेशींत साठून प्लीहा आणि यकृत मोठे होते, हाडे दुखतात. पोम्पे रोगात ग्लायकोजन साठून हृदय आणि स्नायू दुबळे होतात. हा लयकारिकेतील विकराच्या अभावाने होतो हे १९६३ मध्ये आंरी-जेरी एर्स यांनी दाखवले आणि लयकारिका व आनुवंशिक आजार यांचा संबंध प्रथमच उघड झाला. टे-सॅक्स रोगात मेंदूतील चेतापेशी भरत जातात आणि आधी बसू लागलेले मूल हळूहळू शिकलेले विसरते. गुजरातमधील टे-सॅक्सच्या रुग्णांत हेक्सए जनुकातील एक विशिष्ट बदल वारंवार आढळला आहे, त्यामुळे येथील कुटुंबांत तपासणी करताना तो आधी पाहणे उपयोगी ठरते.

यांतील बहुतेक विकारांत आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला विकार असण्याची शक्यता २५ टक्के असते. फाब्री आणि हंटर हे विकार मात्र एक्स गुणसूत्राशी निगडित आहेत आणि त्यांचा त्रास प्रामुख्याने मुलग्यांना अधिक होतो. दोष कोणाच्याही वागण्याचा, आहाराचा किंवा ग्रहणात बाहेर पडण्याचा नसतो. हे वाक्य मला प्रत्येक वेळी सुनेच्या बाजूने मोठ्याने बोलावे लागते. पुढच्या बाळाचा विचार असेल, तर आधी जनुकीय सल्ला घ्यावा, कारण कुटुंबातील नेमका बदल माहीत असल्यास गर्भावस्थेत लवकर तपासणी करता येते.

उपचार काही विकारांनाच आहेत. गोशे रोगासाठी उणे असलेले विकर शिरेतून देण्याचा उपचार १९९१ मध्ये मान्य झाला. नंतर पोम्पे, फाब्री आणि हर्लर यांसाठीही तसे उपचार आले. ते आयुष्यभर, बहुधा दर दोन आठवड्यांनी, घ्यावे लागतात, अतिशय महाग असतात आणि शिरेतून दिलेले विकर मेंदूत पोहोचत नसल्यामुळे टे-सॅक्ससारख्या रोगात उपयोगी पडत नाहीत. भारताचे दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले आणि त्याखाली ठरवलेल्या केंद्रांमार्फत एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक आहे. आयुष्यभराच्या उपचाराच्या मानाने ही रक्कम लवकर संपते, हेही पालकांना आधीच माहीत असलेले बरे.

कोरोनाच्या वेळी वाटलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा लयकारिकांशी संबंध आहे का?

आहे. २०२० मध्ये आपल्या शहरात या गोळ्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या, म्हणून हा प्रश्न अजूनही येतो. हे औषध सौम्य आम्लारी (आम्लाच्या विरुद्ध गुणाचे) आहे. ते लयकारिकेत शिरते, तेथील आम्लामुळे त्याला विद्युतभार मिळतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. असे ते आत साठत जाते आणि लयकारिकेचे आम्लत्व कमी करते. प्रयोगशाळेत माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत विषाणू याच आम्लधर्मी वाटेने शिरत असल्यामुळे औषधाने तो अडला आणि आशा वाढली. माणसाच्या फुप्फुसातील पेशींत मात्र विषाणूला पृष्ठभागावरूनच शिरण्याची दुसरी वाट उपलब्ध असते, तिथे औषध निष्प्रभ ठरले, आणि जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल रुग्णांना त्याचा लाभ झाला नाही. हिवतापात याच कुटुंबातली औषधे प्रभावी ठरली त्यालाही असेच कारण आहे : परजीवी आपले हिमोग्लोबिन ज्या आम्लधर्मी रिक्तिकेत पचवतो, तिथे क्लोरोक्वीन साठते आणि हिमोग्लोबिनमधून सुटणारे विषारी हीम निरुपद्रवी स्फटिकांत बदलू देत नाही.

शाळेच्या सूक्ष्मदर्शीखाली लयकारिका दिसतील का?

गालाच्या आतील पेशींत मेथिलीन ब्लूने केंद्रक दिसेल, लयकारिका दिसणार नाहीत. त्या बहुधा एक सहस्रांश मिलिमीटरहूनही लहान असतात. पण त्यांचे आम्लत्व पाहायचे असेल, तर लाल किंवा पांढऱ्या कांद्याची पातळ पापुद्र्यासारखी साल न्यूट्रल रेड या रंगद्रव्याच्या अगदी विरल द्रावणात काही मिनिटे ठेवावी. पांढरा कांदा घेतल्यास बदल अधिक उठून दिसतो. रंगद्रव्य सौम्य आम्लारी असल्यामुळे ते क्लोरोक्वीनसारखेच आत शिरून अडकते आणि प्रत्येक जिवंत पेशीची रिक्तिका गुलाबी-तांबडी होते. द्रावण नळाच्या पाण्यात करावे आणि साल आधी फॉर्मलिन किंवा अल्कोहोलमध्ये बुडवू नये. मेलेल्या पेशीत पंप थांबलेले असतात आणि रंग रिक्तिकेत साठण्याऐवजी सगळीकडे पसरतो.